तुळेची दोरी

१

"या खेपेला वजन बरोबर जमलंय. आता खिडकी राहील."

हे वाक्य वासंतीच्या कानांसाठी नव्हतं. ती न्हाणीघरात आहे असं समजून तिच्या सासूबाई, इंदिराबाई, स्वयंपाकघरात सासऱ्यांशी बोलत होत्या. वासंती मात्र अंघोळ उरकून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून, भिंतीच्या अलीकडे उभी होती. पलीकडे सासऱ्यांनी, भीमाचार्यांनी, कॉफीचा घोट घेतल्याचा आवाज आला आणि मग ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. आचाऱ्याला बोलावून घे मग."

वजन म्हटल्यावर कुठल्याही नव्या नवरीच्या मनात जे येईल तेच तिच्या मनात आलं. लग्न ठरल्यापासून मिरजेत आईनं तिला रोज तूपभात चारला होता, 'सासरी गेल्यावर हाडं दिसायला नकोत' म्हणून. चला, आईचं तूप कारणी लागलं, ती मनात म्हणाली. एका विषयात तरी पास झाले.

वजनाची गोष्ट ताजीच होती. आदल्या शुक्रवारी तिची तुळा झाली होती. दिवाणखान्यातला झोपाळा काढून त्याच्या कड्यांना तांदळाच्या दुकानातला मोठा तराजू टांगला, एका पारड्यात ती बसली आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढत गेल्या. देवळात तुळा होते हे तिनं ऐकलं होतं. घरात, आणि तीही फक्त सुनांची, हे नवीन होतं. लिंबाएवढा खडा टाकल्यावर काटा थांबला तेव्हा इंदिराबाईंनी डोळे पुसले. इतकं काय त्यात, असं वासंतीला वाटलं, पण ती काही बोलली नाही. लग्नानंतर ती फारसं बोलतच नव्हती. बोलायला लागणाऱ्या माणसापेक्षा न बोलणाऱ्या माणसाला घर लवकर कळतं, असा तिचा हिशेब होता.

गूळ मठात गेला. तिच्या पारड्याची नवी सुती दोरी मात्र इंदिराबाईंनी नीट गुंडाळून डब्यात ठेवली. "चांगली दोरी आहे. फेकायची कशाला?" त्या घरात रिकामी काडेपेटीही कुणी फेकत नसे, तेव्हा तेही खपून गेलं.

आचारी येणार म्हणून वासंतीनं माळ्यावरची मोठी पातेली काढून घासून ठेवली. आला तो खांद्याला करवत लावलेला माणूस. बंगळूरला, या बसवनगुडीत, सुताराला आचारी म्हणतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा नवरा व्यंकटेश यावर संध्याकाळपर्यंत हसत होता.

"मिरजेच्या लोकांना सगळं खायचंच दिसतं," तो म्हणाला.

"आणि बंगळूरच्या लोकांना?"

"आम्हाला? आम्हाला घर दिसतं."

घराचंच तर बोलणं झालं होतं. बघायला आला तेव्हा व्यंकटेशनं स्वतःहून सांगितलं होतं: कारखाना बोम्मसंद्र्याला आहे, कंपनीची बस उजाडायच्या आत निघते, म्हणून लग्नानंतर तिकडेच दोन खोल्या घेऊ. जवळच शाळा आहे, तुझी बी.एस्सी. वाया जाणार नाही. वासंतीनं होकार दिला तो त्या दोन खोल्यांना. नवरा त्यांच्यासोबत आला, आणि बरा निघाला, इतकंच.

२

त्या घराच्या खिडक्या चारचौघांच्या खिडक्यांसारख्या दारागत उघडत नसत, वरखाली सरकत. कॅन्टोन्मेंटमधला कुणा साहेबाचा बंगला पाडला तेव्हा व्यंकटेशच्या आजोबांनी त्या बैलगाडीत घालून आणल्या आणि खिडक्यांच्या मापानं घर बांधलं, असं अण्णा, म्हणजे भीमाचार्य, आल्यागेल्याला सांगत. झडपेच्या दोन्ही अंगांना दोरी. दोरी चौकटीत वर बसवलेल्या कप्पीवरून वळून चौकटीच्या पोकळ लाकडात उतरते आणि आत तिला वजन बांधलेलं असतं. झडप जेवढी जड तेवढंच वजन. मग झडप जिथे सोडावी तिथे राहते. वासंतीनं हे प्रयोगशाळेत करून पाहिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीतली झडप मात्र राहत नव्हती. दोऱ्या कुजल्या होत्या, कप्प्या गंजल्या होत्या. उचलली की धाडकन खाली.

विश्वेश्वर आचारी पान चघळत, गप्पा मारत काम करायचा. त्यानं गंजक्या कप्प्या उपटल्या, पितळेच्या नव्या बसवल्या. चौकटीच्या अंगाला खालच्या बाजूला एक फळीचा तुकडा होता, तो स्क्रू काढून बाजूला केला. आत हात घालायला जागा झाली. वासंती दारात उभी राहून बघत होती. आता तो आतली वजनं काढेल, तिला वाटलं. त्यानं आत हात घालून फक्त कोळिष्टकं काढली.

मग इंदिराबाई वर आल्या. त्यांच्या हातात डबा होता. तुळेची दोरी.

विश्वेश्वरनं ती मधोमध कापली, दोन्ही तुकडे दोन कप्प्यांवरून आत सोडले, झडपेला पक्के केले. आतल्या टोकाला त्यानं काहीही बांधलं नाही.

"वजनं?" वासंतीनं विचारलं. न राहवून.

"वजन आहे की, अम्मा." तो इंदिराबाईंकडे बघून हसला. "तुम्ही तिथंच थांबा हं. दारातच. हलू नका."

"त्याचं काम त्याला करू दे ग," इंदिराबाई म्हणाल्या.

त्यानं दोन्ही हातांनी झडप वर सरकवली. त्याच क्षणी वासंतीच्या गुडघ्यांतलं बळ गेलं. चक्कर नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी नव्हती. कुणीतरी खांद्यांवर दोन्ही हात ठेवून प्रेमानं खाली बसवावं तशी ती उंबऱ्यावर बसली.

"बसा, बसा," विश्वेश्वर म्हणाला. त्याला त्याचं नवल वाटलं नव्हतं. त्यानं झडपेवरचे हात काढले. झडप जागच्या जागी राहिली.

"स्वल्पही हलत नाही. बघा."

इंदिराबाईंनी बघितलं ते वासंतीकडे. मग त्या तिच्यासाठी लिंबाचं सरबत करायला खाली गेल्या.

आदल्या दिवशी उपास होता, वासंतीनं स्वतःला समजावलं. उपासानं गुडघे जातात. आणि कप्पीत नवं वंगण घट्ट असतं, लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळे झडप अडून राहते. याला घर्षण म्हणतात. तिनं सरबत पिऊन टाकलं.

३

तो उन्हाळा तसा सोसवणारा होता. तरी दुपारी वरच्या खोलीत वारा हवासा वाटे. आणि वासंती खोलीत असली की खिडकी बंद असे.

ती खोलीत शिरली की झडप हळूच उतरे. आपटत नसे. पापणी मिटावी तशी. ती जिना उतरून खाली गेली की वरून कप्पीचा आवाज येई, कुर्र. ती जिन्यात थांबली की आवाज थांबे. पुन्हा एक पायरी उतरली की पुन्हा कुर्र. तिनं एकदा भर सकाळी, सासूबाई तुळशीला पाणी घालायला परसात गेल्या असताना, हे करून बघितलं. उतरणं, थांबणं, उतरणं. खालच्या पायरीवर पोचून तिनं वर पाहिलं. खोलीच्या उघड्या दारातून खिडकी दिसत होती. अर्धी उघडी. बाहेरच्या नारळाच्या झावळ्या वाऱ्यानं हलत होत्या. तो वारा तिच्या खोलीत येत होता आणि ती खोलीत नव्हती.

घराला कल असेल. जुन्या घरात जिन्यावर पाऊल पडलं की वरच्या तुळया दबतात, तुळया दबल्या की चौकट हलते. हे पटण्यासारखं होतं. फक्त मग अण्णा उतरताना, व्यंकटेश धाडधाड उतरताना कप्पी का वाजत नाही, याचं उत्तर तिला सुचत नव्हतं.

हातानं उघडायला गेलं तर झडप उठायची, पण ती उठताना वासंती वाकायची. एका दुपारी उकाडा असह्य होऊन तिनं ओठ दाबून ती वर ढकलली आणि ढकलता ढकलता गुडघ्यांवर आली. मग फरशीवर बसली. मग आडवी झाली. ती फरशीला पाठ टेकून पडली तेव्हा खिडकी वीतभर उघडी राहिली. तेवढ्या फटीतून गार झुळूक आली आणि तिच्या घामेजलेल्या कपाळाला लागली.

त्या दिवसापासून ती चटई टाकून खाली निजू लागली.

"पलंग कशाला घेतला मग?" व्यंकटेश म्हणाला. "अण्णांनी खास सागाचा करून घेतला."

"खाली वारा लागतो."

त्यानं खिडकीकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग वर्तमानपत्र उघडलं. हसणाऱ्या माणसाचं न हसणं लगेच कळतं.

४

घरात तिला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. उलट इंदिराबाई मागेच लागत. "जा की ग, गांधी बाजारात फिरून ये. फुलं आण, कोथिंबीर आण. तरण्या पोरीनं घरात काय बसायचं?"

ती जायची. गल्लीतून बाहेर पडायची, मोठ्या रस्त्याला लागायची. गांधी बाजाराच्या तोंडाशी फुलवाल्यांच्या टोपल्या लागतात. मोगरा, शेवंती, मरवा. त्या ओळीच्या टोकाला रस्ता वळतो. त्या वळणावर, मरव्याच्या वासात, वासंतीच्या मनात यायचं: गॅस बंद केला का?

कुणाच्याही मनात येतं. नवं लग्न, नवं स्वयंपाकघर. ती परत फिरायची. गॅस बंदच असायचा.

पुढच्या वेळी गॅसचा कान स्वतःच्या हातानं पिळून, नीट बघून ती निघाली. वळणावर आठवलं, नळ उघडा राहिला. त्यानंतर एकदा वाटलं, मंगळसूत्र न्हाणीत काढून ठेवलंय. हात गळ्याकडे गेला. मंगळसूत्र गळ्यातच होतं. तरीही ती परत फिरली, कारण तोवर दुसरं काहीतरी आठवलं होतं. कारणं संपत नव्हती. एक खोटं ठरलं की दुसरं हजर. सगळी शहाणी, संसारी, कुणालाही पटतील अशी. आणि सगळी त्या एकाच वळणावर.

कारण सापडू नये म्हणून तिनं एकदा मुद्दाम मोठ्यानं पाढे म्हणत जायचं ठरवलं. फुलवाली तोंडाला पदर लावून हसली. वळणावर पोचल्यावर पाढ्याची पुढची ओळ आठवेना, आणि आठवेना म्हणून ती उभी राहिली, आणि उभी राहिली तेव्हा तिचं तोंड घराकडे होतं. आपण कधी वळलो ते तिला कळलं नाही.

घरी येऊन ती वर निघाली. गल्लीतून येताना तिला लांबूनच दिसलं होतं. त्यांची खिडकी वरपर्यंत, पार चौकटीच्या माथ्याला टेकेपर्यंत उघडी होती. याहून वर ती जाऊच शकत नव्हती. म्हणजे दोरीही याहून जास्त सुटणार नव्हती.

वासंतीनं हे वाक्य मनात पुरं केलं आणि जिन्यावरच बसली. दोरी संपली की वजन थांबतं. दहावीच्या मुलीलाही कळेल.

"आलीस?" इंदिराबाईंनी स्वयंपाकघरातून हाक दिली. "गॅसच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला दूध आठवायचं." त्या कणीक मळत होत्या. "दूध उतू जाईल म्हणून धावत यायची मी. ठकूआत्या, माझ्या सासूबाई, हसायच्या. सवय होते ग. नंतर नंतर त्या बाजूला जावंसंच वाटत नाही. इकडे सगळं मिळतं की. देऊळ आहे, डॉक्टर आहे, भाजी दारात येते."

त्या कणकेचा गोळा घेऊन परसाकडच्या ओट्यावर गेल्या. त्या दाराबाहेर पडताच स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतली खिडकी, जी इंदिराबाईंची म्हणून ओळखली जायची, कुरकुरत थोडी वर सरकली. त्या आत आल्या. ती उतरली. इतके दिवस वासंतीला वाटत होतं की त्या खिडकीची दोरी ढिली झाली आहे.

५

"बोम्मसंद्र्याच्या खोल्यांचं काय झालं?" तिनं व्यंकटेशला विचारलं. रविवार होता. तो गच्चीवर दाढी करत होता. गच्चीवर आलं की वासंतीला पाय उचलायला जड जायचं, तरी ती आली होती. खाली बोलायचं नव्हतं.

"बघतोय."

"बघताय, की बघून झालंय?"

त्यानं गालावरचा साबण तसाच ठेवला. "दामोदरअण्णा आणि पवित्रावहिनी पुण्याला गेले तेव्हा आई खूप खचली होती."

थोरले दीर दामोदर. त्यांच्या खोलीतली खिडकी काठीचा टेकू देऊन उघडी ठेवलेली असे.

"वहिनींची तुळा झाली होती?"

"नाही." तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "तिनं पारड्याकडे बघितलं आणि म्हणाली, मी काय गूळ आहे? आणि सरळ खोलीत गेली. आपल्याकडे एवढं कुणी बोललं नव्हतं."

वासंतीला पवित्रावहिनी एकदम आवडल्या. आपण मात्र पदर सावरून, हसून, फोटोसाठी मान तिरकी करून पारड्यात बसलो होतो. नाही म्हणायला तोंड होतं. वापरलं नाही.

"आणि आजी? ठकूबाई?"

माडीवरच्या मधल्या खोलीतली खिडकी ठकूबाईंची. ती कायमची बंद. दोन माणसांनी जोर लावूनही उठत नाही असं तिनं ऐकलं होतं.

व्यंकटेशनं दाढीचा ब्रश खाली ठेवला. "मी शाळेत होतो. दोरी तुटली. कुजली असेल. झडप अशी आपटली की सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. आम्ही वर धावलो, तर आजी खोलीत नाही. घरात नाही. संध्याकाळी सापडली. मार्केटजवळ, एका बाकावर बसलेली. उघड्या डोळ्यांनी. गेलेली होती."

"मार्केटजवळ? म्हणजे वळणाच्या पलीकडे?"

"खूपच पलीकडे."

"चेहरा कसा होता?"

"काय विचारतेस!"

"कसा होता?"

त्यानं विचार केला. "सिनेमा बघून आल्यासारखा," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली असावी, कारण तो तोंड धुवायला लागला. ओल्या टॉवेलमधून त्याचा आवाज आला. "वय झालं होतं तिचं. वय झालं की माणूस जातंच. दोरीचा काय संबंध?"

"तेच म्हणते मी. संबंध नाही ना? मग दसऱ्यानंतर जाऊ या."

टॉवेल बराच वेळ त्याच्या तोंडावर होता.

"जाऊ या," तो शेवटी म्हणाला.

६

दसऱ्याच्या आधी एका दुपारी अण्णा आणि इंदिराबाई देवळात कीर्तनाला गेले. व्यंकटेश कामावर. घरात फक्त फ्रिजचा आवाज.

वासंतीनं स्क्रूड्रायव्हर शोधला, टॉर्च घेतला आणि खिडकीच्या चौकटीशी मांडी घालून बसली. तिच्या डोक्यावरून वाऱ्याची झुळूक आली. अर्थात. ती जमिनीवर बसली होती, म्हणून झडप चार बोटं वर होती.

तिला फक्त खात्री करायची होती. आत वजन असणारच. विश्वेश्वरनं आधीच बांधून ठेवलं असेल, सासूबाईंनी लोखंडाचा तुकडा दिला असेल, आपण सरबत प्यायला गेलो तेव्हा घातला असेल. वजनाशिवाय झडप राहत नाही. निसर्गात फुकट काही राहत नाही. तिनं स्क्रू एकेक करून काढले आणि फळी बाजूला ठेवली.

दोरी वरून येऊन सरळ खाली गेली होती. ताणलेली. तिनं बोट लावलं तर तारेसारखी वाजली. आणि बोट लावलं तेव्हा तिच्याच बरगड्यांखाली काहीतरी थरथरलं.

टॉर्चचा उजेड तिनं खाली सोडला. चौकटीचा तळ हातभर खाली लागायला हवा होता, कारण त्याखाली खोलीची फरशी होती आणि फरशीवर ती बसली होती. उजेड खाली गेला. दोरी खाली गेली. तळ आला नाही. विहिरीत वाकून पाहावं तसा गारवा तिच्या तोंडावर आला, आणि विहिरीत येतो तसा, कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज.

खूप खोल, उजेड जिथे विरत होता तिथे, दोरीच्या टोकाला काहीतरी संथपणे फिरत होतं. आधी इकडे, मग तिकडे. टांगलेली वस्तू फिरते तसं. काळंभोर. मधे एक बारीक, सरळ, पांढरी रेघ, आणि रेघेच्या टोकाला लाल ठिपका.

भांग होता तो. बाईच्या डोक्याचा, बरोबर वरून दिसलेला.

स्वतःचा भांग वरून कुणाला कधी दिसत नाही. तेव्हा तो ओळखीचा वाटायचं काही कारण नव्हतं. सकाळी घाईत कंगवा चुकला होता आणि टाळूजवळ भांग किंचित वाकडा गेला होता, हे तिनं आरशात बघून सोडून दिलं होतं. तो तिथे किंचित वाकडा होता.

टॉर्च हलला. खाली उजेड हलला. फिरणं थांबलं.

आणि ते डोकं हळूहळू मागे झुकू लागलं, वर बघण्यासाठी.

वासंतीनं फळी दोन्ही हातांनी दाबून धरली. तिनं स्क्रू पुन्हा एकेक करून बसवले. कपाळ दिसलं होतं का? कपाळच दिसलं होतं. त्यापुढे काही दिसलं नव्हतं. ती ते स्वतःला सांगत राहिली. जिन्यात अण्णांच्या चपलांचा आवाज आला तेव्हा ती चटईवर भिंतीला टेकून बसली होती आणि झडप तिच्या डोक्यावर अगदी शांत होती.

७

टेम्पो सकाळी आला. सागाचा पलंग, दोन ट्रंका, मिरजेहून आणलेली भांडी. इंदिराबाईंनी दहीसाखर दिली, ओटी भरली. त्या रडल्या नाहीत. "सरी, जाऊन या," त्या म्हणाल्या.

"जातोय आई, येत नाहीये," व्यंकटेश चेष्टेनं म्हणाला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि परत ठेवलं, जसं काही थोड्याच वेळाचा प्रश्न आहे.

वासंती पुढे बसली, ड्रायव्हर आणि व्यंकटेशच्या मधे. दोन्ही बाजूंना माणसं, म्हणजे उतरायला जागा नको, असं तिनंच मागून घेतलं होतं. गल्ली संपली. फुलवाल्या आल्या. शेवंती, मोगरा. गॅस, तिच्या मनात आलं. राहू दे चालू, ती मनात म्हणाली. नळ. वाहू दे. दूध. ते माझं नव्हेच, ते आईंचं. तिला हसू आलं. मरव्याचा वास आला आणि बरगड्यांखाली काहीतरी ताणलं गेलं, ताणलं गेलं, आणि मागे लांब कुठेतरी, घरांच्या मागे, लाकडावर लाकूड आदळल्याचा आवाज झाला. ठक.

मग ती रस्त्यावर उभी होती. तोंड घराकडे. पायात चपला नव्हत्या. टेम्पो बराच पुढे जाऊन थांबला होता, त्याचं दार बंद होतं, आणि व्यंकटेश ते उघडून धावत येत होता.

"चालत्या गाडीतून?" तो ओरडत होता. "वासंती, दाराशी मी होतो! तू माझ्या अंगावरून... मला कळलंसुद्धा नाही! दार उघडलंच नाही ग!"

फुलवालीनं या वेळी तोंडाला पदर लावला नाही. तिनं नजर टोपलीत घातली.

घरी अण्णा दारातच उभे होते. दिवाणखान्यात कॉफी तयार होती. चार पेले. इंदिराबाईंनी तिचा पेला पुढे सरकवला, साखर जरा जास्त घातलेला, तिला आवडतो तसा.

"पी," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा असंच होतं. मी बैलगाडीतून उतरले होते. माहेरी बाबा आजारी होते." त्यांनी क्षणभर थांबून पेल्याच्या कडेला बोट फिरवलं. "मग ते गेले. मग जायचं राहिलंच नाही. तू रडू नकोस ग. तुझं सगळं सामान आम्ही परत लावून देतो. खोली तुझीच आहे."

"टेम्पोला परत बोलावतो," अण्णा म्हणाले.

व्यंकटेश खुर्चीत बसला होता. त्यानं आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि वासंतीकडे पाहायला लागायच्या आत मान खाली घातली. त्याला आधीपासून ठाऊक होतं. सगळं नसेल. जेवढं ठाऊक असलं की माणूस टॉवेलमध्ये तोंड घालतो, तेवढं.

वासंतीनं कॉफी घेतली नाही. ती स्वयंपाकघरातून परसात गेली. ओट्याजवळ नारळ सोलायचा कोयता टांगलेला असे. तो घेऊन ती आत आली आणि दिवाणखान्याच्या मधोमध, तराजू टांगला होता त्याच कड्यांखाली, उभी राहिली.

"अग, ठेव ते," अण्णा म्हणाले. "इंदिरे, तिला सांग माझ्या आईचं काय झालं."

"तिला ठाऊक आहे," व्यंकटेश म्हणाला.

कोयत्यानं दोरी कापली तर काय होईल हे त्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. मार्केटजवळच्या बाकावरच्या ठकूबाई दोरी तुटली म्हणून मेल्या, की दोरी तुटली म्हणून तिथवर पोचल्या आणि मग मरायच्या वयात मेल्या, हे विचारायची हिंमत इतक्या वर्षांत कुणी केली नव्हती. वासंतीला भीती वाटत होती. कोयत्याची मूठ घामानं निसटत होती. चौकटीतल्या त्या खोल गारव्यात कुणीतरी मान वर करून वाट बघत होतं, आणि झडप पडली की ते वर येणार की आणखी खाली जाणार, हे कुठल्याच प्रयोगशाळेनं तिला शिकवलं नव्हतं.

इंदिराबाई उठल्या. त्यांनी कोयता हिसकावला नाही, की ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या, पात्याकडे, आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या कमरेवर गेला, जिथे खूप जुनं काहीतरी काचत असावं. शेजारच्या खोलीत त्यांची खिडकी अगदी हलकं कुरकुरली. जागच्या जागी उभ्या असलेल्या माणसाची खिडकी कधी वाजत नसे.

अण्णांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

वासंतीनं कोयता दुसऱ्या हातात घेतला आणि ओला तळवा पदराला पुसला. लग्न झाल्यापासून या खोलीत तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं काही म्हटलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "आधी कुणाची कापू? तुमची की माझी?"